गाणे न येणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. प्रश्न एका ओळीचा असला तरी त्याचे उत्तर एका ओळीत देता येईना, म्हणून हा उशीर. मुलांच्या एका संगीतवर्गाने तुला मदतीला बोलावले आहे आणि तू मला विचारतोस की, ज्याला सा आणि रे यांतला फरक कळत नाही, त्याने तिथे जाऊन खुर्च्या मांडण्यापलीकडे काय करायचे? अशाच एका वर्गात सहा वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की तू अवश्य जावेस. मात्र खुर्च्या मांडण्याला कमी लेखून हळूहळू शिकवण्याकडे सरकण्याचा तुझा बेत असेल, तर जाऊ नकोस. हे उद्धटपणाचे वाटेल, याची मला कल्पना आहे. पण मी स्वतः तसा सरकलो होतो आणि त्याचा भुर्दंड एका सात वर्षांच्या मुलाने भरला. ती हकिगत पुढे सांगतोच. आधी खुर्च्यांच्या तोडीच्या कामांविषयी.

आमच्याकडे व्हायोलिन शिकणारी वीस मुले आहेत. वीस व्हायोलिने म्हणजे ऐंशी तारा. बाई एकट्याने ही सगळी वाद्ये सुरात लावू लागल्या आणि एका वाद्याला दोन मिनिटे धरली, तर तासातली चाळीस मिनिटे त्यातच संपतात. शिवाय तोवर पहिल्या व्हायोलिनची खुंटी सरकून तार उतरलेली असते ती वेगळीच. कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि खुंट्या घसरतात, दमट हवेत त्याच खुंट्या फुगून हलेनाशा होतात. म्हणून आम्ही दोघे-तिघे वर्गाच्या अर्धा तास आधी येतो आणि फोनवरच्या ट्यूनरकडे पाहत तारा लावतो. ए ही तार ४४० हर्ट्‌झवर आणायची, मग बाकीच्या तीन. काटा मध्यावर स्थिरावला की काम झाले. त्याला तयार कान लागत नाही. हात मात्र हलका लागतो. पहिल्याच आठवड्यात मी ईची तार खालच्या बारीक स्क्रूने चढवायची सोडून खुंटीने चढवायला गेलो आणि ती खाडकन तुटली. बाईंनी काही न बोलता नवी तार माझ्या हातात ठेवली आणि ती कशी ओवायची एवढेच दाखवले. तेव्हापासून तार घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी पट्टीच्या, खाचेत बसली आहे ना, गजाला राळ लागली आहे ना आणि वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल केले आहेत ना, हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले, ते आजतागायत आहे.

दुसरे काम वाद्यांच्या देवघेवीचे. मुलांची व्हायोलिने १/१६, १/८, पाव, अर्धे, पाऊण अशा मापांत येतात. ही नावे ऐकून फसू नकोस, कारण अर्धे व्हायोलिन पूर्ण व्हायोलिनच्या निम्मे नसते. दांडी सोडून पूर्ण मापाचे अंग सुमारे साडेपस्तीस सेंटिमीटर भरते आणि अर्ध्याचे एकतीस-बत्तीस. वाद्य खांद्यावर ठेवून मुलाने डावा हात लांब केला की व्हायोलिनचे टोक मनगटाशी, फार तर तळव्यापाशी यायला हवे. पालकांना मात्र ते एक माप मोठे हवे असते; पुढच्या वर्षीही चालेल, असा साधा हिशोब. हिशोब चपलांच्या बाबतीत ठीक आहे. मोठ्या व्हायोलिनवर लहान बोटे ताणली जातात, मनगट आत वळते आणि तशी पडलेली सवय मोडायला शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणून वर्गाचीच वाद्ये मुलांना वापरायला द्यायची, मूल वाढले की परत घेऊन पुढचे माप द्यायचे आणि परत आलेले वाद्य पुसून, तारा बदलून धाकट्याकडे सोपवायचे, हे चक्र चालू ठेवावे लागते. आमच्या नोंदवहीत एक पावाचे व्हायोलिन आहे. ते आतापर्यंत पाच मुलांच्या खांद्यावर बसले आहे. ही वही ठेवायला संगीत यावे लागत नाही, पण ती नीट ठेवली नाही तर संगीत थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता ती हकिगत.

गाण्याचा गट वेगळा आहे आणि त्याचा कार्यक्रम तीन-चार आठवड्यांवर आला असताना बाई आजारी पडल्या. दोन सराव बुडू नयेत म्हणून मी ते घेतले. मला थोडेफार गाता येते, हे तुला ठाऊक आहे आणि तोच घोटाळा झाला. त्याच आठवड्यात एक मुलगा नव्याने आला होता. मन लावून गायचा, पण सगळी मुले वर जात तेव्हा हा खाली एकाच जाड सुरावर घुटमळत राही. गट बिघडतो आहे, असे मला वाटले. मी वाकून त्याच्या कानात सांगितले की, तू नुसते ओठ हलव. त्याने मान डोलावली. आपण किती हळुवारपणे अडचण सोडवली, असेही मला त्या वेळी वाटले, हे कबूल करतो.

बाई परत आल्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी विचारले, "हा गात का नाही?" मुलाने निर्मळपणे उत्तर दिले, "काकांनी सांगितले आहे."

त्या मला काही बोलल्या नाहीत. मुलाला की-बोर्डपाशी बसवून, मनात येईल तो कोणताही एक सूर लाव, असे त्यांनी सांगितले. त्याने लावला. तो सूर त्यांनी पट्ट्यांवर शोधला आणि मग बाकीच्या सगळ्या मुलांना त्याच सुरावर यायला सांगितले. इतके दिवस मुलाने गटाला गाठावे अशी अपेक्षा होती; त्या दिवशी गट मुलाकडे गेला. आपला आवाज आणि खोलीतला आवाज एक झाल्याचे त्याला बहुधा प्रथमच ऐकू आले असावे, कारण तो मध्येच थांबला आणि मागे वळून पाहू लागला. मग बाईंनी सगळ्यांना अर्ध्या सुराने वर नेले, पुन्हा अर्ध्याने, आणि मध्येच भोंग्यासारखा आवाज खालून वर नेण्याचा खेळ घेतला. पंधरा मिनिटांत तो मुलगा बाकीच्यांच्या पट्टीत आला होता. थोडा डळमळत होता, पण आला होता.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला कारण सांगितले, ते तुलाही सांगून ठेवतो. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा साधारण एक सप्तक खाली असतो. मी गाऊन दाखवतो तेव्हा बहुतेक मुले मनातल्या मनात तो सूर एक सप्तक वर उचलून आपल्या आवाजात म्हणतात. हा मुलगा नवा होता, त्याने बाईंचा आवाज ऐकलाच नव्हता, आणि काकांनी म्हटले तसेच्या तसे म्हणायचा तो प्रामाणिक प्रयत्न करत होता. तिथवर त्याचा आवाज पोचणार कसा? म्हणून तो तळाशी अडकून घुमत होता. बेसूर तो नव्हताच. शिवाय मोठी माणसे स्वतःला सोयीची पट्टी धरतात, ती मुलांना बहुधा खाली पडते, आणि मग मुले गाण्याऐवजी बोलण्याच्या आवाजात सूर काढू लागतात. 'ओठ हलव' हे शब्द ऐकलेली कितीतरी माणसे पुढे आयुष्यभर 'मला गाता येत नाही' असे सांगत फिरतात. तुझ्या पत्रातले सा आणि रे विषयीचे वाक्य वाचताना मला हेच आठवले. तुलाही शाळेत कोणी तरी असे सांगितले होते का, हे कधी भेटीत विचारायचे आहे.

मी त्या मुलाची क्षमा मागितली. त्याने विचारले, "मग आता ओठ हलवू की गाऊ?" कार्यक्रमात तो गायला.

त्यानंतर बाईंनी मला गाण्याच्या गटात सगळ्यांत मागे बसवले आणि मुकाट्याने हाताच्या खुणा करायला सांगितले. प्रत्येक स्वराला हाताची एक ठरलेली खूण असते आणि स्वर जसा चढतो तसा हातही कमरेपासून डोळ्यांपर्यंत चढत जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी या खुणा वापरात आणल्या आणि पुढे हंगेरीच्या झोल्टान कोडाय यांच्या विचारांवर चाललेल्या शिक्षणात त्या रुळल्या. १९५० साली केच्केमेत या गावी हंगेरीतली अशी पहिली संगीतप्रधान प्राथमिक शाळा सुरू झाली. या खुणांची गंमत अशी की, गळ्यातून एकही सूर न काढता मुलाला वर-खाली दाखवता येते. गोंधळलेले मूल माझ्या हाताकडे पाहते, बाईंचा आवाज ऐकते आणि मार्ग काढते. माझा जड आवाज मध्ये येत नाही. तुला तर हे माझ्यापेक्षा चांगले जमेल, कारण मध्येच गाऊन दाखवण्याचा मोह तुला होणार नाही.

पालकांच्या बाबतीत शिनिची सुझुकी यांचे काम मला फार मोलाचे वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, त्यांनी जपानमधल्या मात्सुमोतो शहरात मुलांना व्हायोलिन शिकवायला सुरुवात केली. मूल मातृभाषा जशी सतत ऐकून, पुन्हा पुन्हा उच्चारून आणि घरच्यांच्या कौतुकात शिकते, तसेच त्याने संगीत शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांच्या पद्धतीत आई किंवा वडील वर्गात येऊन बसतात आणि मुलाच्या आधी स्वतः थोडे व्हायोलिन धरायला शिकतात. पालक वादक व्हावा, अशी अपेक्षा नसते. घरी रोज मुलाजवळ बसणारे कोणी तरी हवे असते. पण ज्यांचे आईवडील उशिरापर्यंत कामावर असतात, त्या मुलांचे काय? तिथे आमच्यासारखे लोक उपयोगी पडतात. वर्गाआधी दहा मिनिटे अशा मुलाजवळ बसायचे आणि एकच विचारायचे: मागच्या वेळी बाईंनी कोणती एक गोष्ट सांगितली होती? ते आठवते, वहीत पाहते, वाजवून दाखवते. बरोबर की चूक, हे आपण सांगायचे नाही. ऐकायचे. हे ऐकायला सोपे वाटते, पण पहिले सहा महिने जीभ चावून बसावे लागले.

व्हेनेझुएलाचे उदाहरणही या संदर्भात नेहमी आठवते. होसे अँतोनिओ अब्रेऊ हे वादक होते, तसेच अर्थशास्त्रज्ञही. १९७५ मध्ये त्यांनी मुलांच्या वाद्यवृंदांची जी चळवळ सुरू केली, तिच्यात अगदी लहान मुलांचा एक 'कागदी वाद्यवृंद' असतो. कागद आणि पुठ्ठा चिकटवून केलेली व्हायोलिने घेऊन ही मुले बसायला, वाद्य जपायला, इशाऱ्यावर एकत्र थांबायला शिकतात आणि मग खरी वाद्ये हाती येतात. ती पुठ्ठ्याची वाद्ये करण्यात पालकांचाही हात असतो. हे वाचले तेव्हा, डिंकाने बरबटलेल्या हातांनाही वाद्यवृंदात जागा असते, याचे मला बरे वाटले, कारण मी त्याच जातीचा कार्यकर्ता आहे.

एका बाबतीत माझे मत कडक आहे आणि त्यावरून आमच्यात वादही झाले आहेत. स्वयंसेवक विनामूल्य काम करतो म्हणून शिक्षकानेही तसे करावे, असे काही जणांना वाटते. मला ते मुळीच पटत नाही. स्वयंसेवक एखाद्या आठवड्यात आला नाही तर दुसरा तारा लावतो. शिक्षक आला नाही तर काय होते, ते मी वर सांगितलेच आहे. शिक्षकाला वेळेवर मानधन मिळाले पाहिजे, त्याची सुट्टी मान्य झाली पाहिजे, आणि त्याच्याऐवजी कोण येणार हे आधी ठरलेले असले पाहिजे. तुझ्याकडच्या वर्गात याची व्यवस्था आहे का, हे जाण्याआधी विचारून घे. मुलांच्या खोलीत कायम दोन मोठी माणसे असतात का आणि पालकांच्या संमतीशिवाय छायाचित्रे काढत नाहीत ना, हेही विचार. या प्रश्नांचा ज्यांना राग येतो, त्यांच्याकडे जाऊ नये.

हजेरीचे काम मिळाले तर ते आनंदाने घे. दोन वेळा न आलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या वेळेच्या आत फोन गेला, तर ते बहुधा परत येते. महिन्याने केलेला फोन नुसता चौकशीचा ठरतो. बऱ्याच वेळा कारण क्षुल्लक निघते. एकीच्या व्हायोलिनची घोडी पडली होती आणि आपण वाद्य मोडले, आता रागावतील, या भीतीने ती घरी बसली होती. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावर उभी असते आणि कधी ना कधी पडतेच, हे आम्ही तिला आधी सांगितले नव्हते. आता पहिल्याच दिवशी सांगतो.

होकार कळवण्याआधी एक दिवस आमच्या वर्गात येऊन बस. वर्गाच्या अर्धा तास आधी पोच, म्हणजे तारा लावताना पाहता येईल. काटा पाहण्याचे काम तुला देईन. ईच्या खुंटीला मात्र पहिल्या दिवशी हात लावू देणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
जुना मित्र