स्वस्त कॅमेऱ्यांचं चित्र घरातल्या घरात: मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. चार कॅमेरे लावलेस, चारही मोबाइलच्या ॲपमध्ये दिसतात, आणि इंटरनेट गेलं की चारही आंधळे. तक्रार रास्त आहे. कॅमेरा दारावर, तू दिवाणखान्यात, आणि चित्र मात्र कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय तुझ्यापर्यंत येत नाही. हा द्राविडी प्राणायाम टाळता येतो. तुझ्या चारपैकी दोन कॅमेऱ्यांना पंधरा मिनिटं पुरतील, तिसऱ्यावर घाम गाळावा लागेल, आणि चौथ्याचा नाद सोडावा लागेल.

आधी कॅमेऱ्याच्या आत काय चालतं ते लक्षात घे. सेन्सरवरून आलेलं चित्र आतली चिप एच.२६४ किंवा एच.२६५ या चित्र आवळण्याच्या पद्धतींनी दाबते, आणि तो प्रवाह वायफायवर सोडते. इथपर्यंत इंटरनेटचा काहीच संबंध नाही. तो प्रवाह मागायचा कोणी आणि कोणत्या दारातून, एवढाच प्रश्न. ते दार म्हणजे आरटीएसपी. १९९८ साली प्रमाणित झालेला हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांची आपसांत बोलण्याची ठरलेली रीत, सहसा ५५४ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे उपकरणाच्या क्रमांक घातलेल्या खिडकीवर, बसतो. त्याच्या जोडीला ऑनव्हिफ असतं. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ साली सुरू केलेलं. लोक या दोघांची गल्लत करतात. ऑनव्हिफ चित्र वाहून आणत नाही. ते कॅमेऱ्याला विचारतं, ‘तुझे प्रवाह किती, त्यांचे पत्ते काय?’ आणि तो पत्ता बहुधा आरटीएसपीचाच असतो. म्हणून पत्ता आधीच माहीत असेल, तर ऑनव्हिफवाचून काही अडत नाही.

तुझे टॅपो ब्रँडचे दोन कॅमेरे सोपे आहेत. ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधल्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा अकाउंट’ नावाची नोंद आहे. तिथे वेगळं नाव आणि पासवर्ड तयार कर. ॲपमध्ये लॉगिन करायचा ईमेल-पासवर्ड तो हा नव्हे. नव्वद टक्के लोकांचं घोडं इथेच पेंड खातं. मग पत्ता असा होतो (देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापर):

आरटीएसपी://नाव:पासवर्ड@१९२.१६८.१.५०:५५४/स्ट्रीम१

मधला १९२ पासूनचा आकडा म्हणजे कॅमेऱ्याचा आयपी, घरच्या नेटवर्कमधला त्याचा पत्ता; तिथे तुझ्या कॅमेऱ्याचा घाल. स्ट्रीम१ म्हणजे मोठं चित्र, स्ट्रीम२ म्हणजे ६४० बाय ३६० चं छोटं. टॅपोचं ऑनव्हिफ २०२० या पोर्टवर असतं, म्हणून ८० नंबरवर शोधणारी सॉफ्टवेअर ‘कॅमेरा नाही’ म्हणून हात वर करतात. पासवर्डमध्ये ॲट (@) किंवा हॅश (#) ही चिन्हं घालू नकोस. पत्त्यातच ॲट असल्यामुळे पासवर्ड कुठे संपला आणि आयपी कुठे सुरू झाला हे सॉफ्टवेअरला कळत नाही. घातलंच असेल तर ॲटच्या जागी %४० आणि हॅशच्या जागी %२३ लिही. त्यापेक्षा नुसत्या अक्षर-आकड्यांचा लांबलचक पासवर्ड बरा.

त्याच्याही आधी राउटरमध्ये जाऊन प्रत्येक कॅमेऱ्याच्या मॅक पत्त्याला (उपकरणाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाला) एक कायमचा आयपी बांधून टाक. नाहीतर वीज जाऊन आली की आयपी बदलतात आणि आज चालणारा पत्ता उद्या मुका होतो. आणि कॅमेरे ‘गेस्ट’ वायफायवर असतील तर तिथून काढ. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं घरातल्या मुख्य नेटवर्कपासून तोडलेली असतात. पत्ता बरोबर असूनही संगणकाला कॅमेरा सापडणार नाही.

आता परीक्षा. संगणकावर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघड, कंट्रोल आणि एन दाब, पत्ता चिकटव. चित्र आलं तर अर्धी लढाई संपली. ‘४०१’ किंवा ‘अनऑथराइज्ड’ आलं तर नाव-पासवर्ड चुकलाय. ‘४०४’ आलं तर दार उघडं आहे, पण शेवटच्या तिरप्या रेघेनंतरची वाट चुकीची आहे. ती वाट प्रत्येक कंपनीची वेगळी: हिकव्हिजनची ‘/स्ट्रीमिंग/चॅनल्स/१०१’ (छोट्या चित्राला १०२, इथे एस आणि सी मोठ्या लिपीत), दाहुआची ‘/कॅम/रिअलमॉनिटर’ आणि पुढे चॅनल व सबटाइप. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर त्या पोर्टवर कोणी बसलेलंच नाही.

चित्र येतं पण मध्येच राखाडी होतं, चेहरे खाली ओघळल्यासारखे दिसतात, असं झालं तर कॅमेऱ्याला नावं ठेवू नकोस. आरटीएसपीचं चित्र बहुतेक वेळा यूडीपी नावाच्या रीतीने येतं आणि वायफायवर हरवलेली डेटाची पाकिटं यूडीपी पुन्हा मागत नाही. पाकीट हरवलं की पुढची पूर्ण फ्रेम (मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतात) येईपर्यंत चित्र विद्रूपच राहतं. व्हीएलसीच्या ‘इनपुट/कोडेक्स’ पानावर ‘आरटीपी ओव्हर आरटीएसपी’ निवड, म्हणजे तेच चित्र टीसीपीने, म्हणजे हरवलेलं पुन्हा मागून घेणाऱ्या रीतीने, येईल. पुढे जे जे सॉफ्टवेअर वापरशील, त्या प्रत्येकात हीच खूण कर. चित्र एखाद सेकंद मागे असेल तर व्हीएलसीचं नेटवर्क कॅशिंग (दाखवण्याआधी साठवून ठेवण्याचा वेळ) १००० मिलिसेकंदांवरून ३०० वर आण. सुरुवातीलाच काळं दिसत राहत असेल तर पूर्ण फ्रेममधलं अंतर कमी कर: सेकंदाला १५ फ्रेम असतील तर दर ३० फ्रेमला एक पूर्ण फ्रेम, म्हणजे जास्तीत जास्त दोन सेकंद वाट पाहावी लागते. मात्र हे सेटिंग प्रत्येक स्वस्त कॅमेरा देईलच असं नाही.

आता या सगळ्यातली मोक्याची गोष्ट. स्वस्त कॅमेऱ्याची चिप दुबळी असते. टॅपोवर मेमरी कार्डावरचं रेकॉर्डिंग, कंपनीची क्लाउड सेवा आणि आरटीएसपी ही तिन्ही एकदम चालत नाहीत, दोनच चालतात. तू मात्र टीव्हीवर, दोन मोबाइलवर, संगणकावर आणि वर रेकॉर्डिंगसाठी असे पाच जण एकाच कॅमेऱ्याच्या दारात उभे करशील. मग तो गुदमरतो, चित्र अडखळतं, आणि आपण वायफायला दोष देतो. म्हणून कॅमेऱ्याला गिऱ्हाईक एकच ठेव. ते गिऱ्हाईक म्हणजे गो२आरटीसी नावाचा छोटा, मोफत प्रोग्रॅम. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक त्याला पुरतो, कारण तो चित्र उलगडून पुन्हा दाबत नाही, आलं तसं पुढे वाटतो.

मांडणी सोपी आहे. एकच फाइल उतरवायची आणि तिच्या शेजारी सेटिंगची फाइल ठेवायची. त्या फाइलमध्ये ‘स्ट्रीम्स’ आणि अपूर्णविराम, खालच्या ओळीत दोन मोकळ्या जागा सोडून कॅमेऱ्याचं नाव आणि अपूर्णविराम, मग एक मोकळी जागा आणि वरचा पत्ता. मोकळ्या जागा स्पेसबारनेच सोड. टॅब दाबलास तर फाइल वाचली जाणार नाही आणि चूक डोळ्यांना दिसणारही नाही. मग ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा आयपी आणि १९८४ हा पोर्ट टाकलास की यादी दिसते. ब्राउझरमध्ये वेबआरटीसीने (ब्राउझरच्या थेट चित्र दाखवण्याच्या सोयीने) चित्र अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतं. बाकीची सॉफ्टवेअर हाच प्रवाह ८५५४ या पोर्टवरून आरटीएसपीने घेतात. मोठं आणि छोटं चित्र दोन वेगळ्या नावांनी नोंदव. चार खिडक्या एकदम बघताना छोटंच वापर.

कॅमेऱ्यात एच.२६४ आणि एच.२६५ यांत निवड असेल तर २६४ घे. २६५ ला जागा कमी लागते हे खरं, पण सगळे ब्राउझर ते दाखवतातच असं नाही. आणि एका ठिकाणी दिसतं, दुसरीकडे आवाज येतो पण पडदा काळा, असली कोडी सोडवण्यात रात्र जाते. आवाजाचीही गंमत आहे. बरेच स्वस्त कॅमेरे आवाज जी.७११ या आवाज साठवण्याच्या पद्धतीत देतात. तो वेबआरटीसीत मजेत चालतो, पण एमपी४ फाइलमध्ये एफएफएमपेग हे रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर तो घ्यायला नकार देतं.

त्यावरून रेकॉर्डिंगकडे येतो. एफएफएमपेगला चित्र ‘कॉपी’ करायला सांग, आवाज हवा तर एएसी या दुसऱ्या पद्धतीत बदलायला सांग, आणि ‘सेगमेंट’ने ६०० सेकंदांचे तुकडे पाडायला लाव. फाइल एमकेव्ही प्रकारची ठेव. एमपी४ ची अनुक्रमणिका फाइल बंद होताना लिहिली जाते. वीज गेली तर चालू तुकडा उघडतच नाही. एमकेव्ही जिथे तुटली तिथपर्यंत बघता येते, आणि वीज जाण्याआधीची मिनिटंच तर आपल्याला हवी असतात. जागेचा हिशोब असा: २ मेगाबिटचा प्रवाह म्हणजे तासाला ९०० मेगाबाइट, दिवसाला २१.६ गिगाबाइट. चार कॅमेरे धरले तर ८६.४. एक टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, तेव्हा जुने तुकडे पुसण्याची सोय पहिल्याच दिवशी कर. माणूस, गाडी असं ओळखणारं काही हवं असेल तर फ्रिगेट हा प्रोग्रॅम बघ. गो२आरटीसी त्याच्या पोटातच येतं. ओळखायला छोटं चित्र सेकंदाला ५ फ्रेमने पुरतं, साठवायला मोठं.

तू लिहिलंस की मागच्या अंगणातला कॅमेरा दिवसा ठणठणीत असतो आणि अंधार पडला की दर काही मिनिटांनी बंद-चालू होतो. तू पाच मीटरची यूएसबी वायर लावली आहेस ना? बारीक वायरमधल्या २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाताना पाच, येताना पाच, म्हणजे दहा मीटरला २.१ ओहम. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले आणि विजेचा प्रवाह अर्ध्या ॲम्पिअरवर गेला की वायरमध्येच एक व्होल्ट खर्ची पडतो. ५ व्होल्टचे ४ उरले तर कॅमेरा मान टाकणारच. २४ गेजची जाड वायर घे, तूट ०.४ व्होल्टवर येईल; किंवा ॲडॉप्टरच कॅमेऱ्याजवळ ने. आधी दिवे बंद करून एक रात्र बघ, निदान तिथेच होईल.

चित्र घरात आलं की कॅमेऱ्यांचा बाहेरचा रस्ता राउटरमधून बंद कर. पण दोन गोष्टी तपास. एक, घड्याळ. कॅमेरा वेळ इंटरनेटवरून घेतो. रस्ता बंद झाल्यावर ते हळूहळू सरकतं आणि वीज गेली की थेट कुठल्यातरी जुन्या वर्षात जाऊन बसतं. म्हणून वेळ विचारायला बाहेर जाणारा यूडीपीचा १२३ पोर्ट तेवढा उघडा ठेव, किंवा घरच्या संगणकावर वेळेचा सर्व्हर चालव. दोन, काही कॅमेरे सर्व्हर सापडला नाही की स्वतःला पुन्हा पुन्हा सुरू करतात. आधी एकाच कॅमेऱ्यावर एक दिवस प्रयोग कर. आणि बाहेरगावाहून बघायचं म्हणून ५५४ पोर्ट राउटरमधून जगाला उघडून देऊ नकोस. आरटीएसपीचं चित्र उघड्यावर, कुलूप न लावता वाहतं. त्यासाठी वायरगार्ड (घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद बोगदा) मांड आणि घरच्या नेटवर्कमध्ये शिरूनच बघ.

राहिला तो नाव नसलेला तिसरा. त्याच्या ॲपमध्ये ऑनव्हिफचं बटण कुठे दडलंय का ते बघ. अशा काही कॅमेऱ्यांत ते असतं आणि मुळात बंद असतं. नसेल तर एनमॅप या पोर्ट शोधणाऱ्या प्रोग्रॅमने सगळे पोर्ट तपास. एकही उपयोगाचा नसेल तर उरतो फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलण्याचा मार्ग. आत इंजेनिक कंपनीची टी३१ चिप निघाली तर थिंजिनो किंवा ओपनआयपीसी यांपैकी एखादं फर्मवेअर बसू शकतं, पण खोक्यावरचं नाव बघून फाइल निवडू नकोस. त्याच नावाखाली वायफायची चिप वेगळी असते. उघडून दोन्ही चिपांवरचे नंबर वाच. मूळ फर्मवेअरची प्रत दोनदा काढून दोन्ही जुळतात का बघ, मगच पुढे. सीएच३४१ए चा काळा प्रोग्रॅमर (फर्मवेअर असलेली फ्लॅश चिप वाचण्या-लिहिण्याचं उपकरण) वापरणार असशील तर ध्यानात ठेव, त्याच्या संकेतांच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि फ्लॅश चिप ३.३ ची असते. आणि हे सगळं करूनही कॅमेरा विटेसारखा निकामी होऊ शकतो, ही तयारी मनात असू दे.

चौथा, फाटकावरचा बॅटरीवाला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तो सगळा वेळ झोपलेला असतो. समोर ऊब हलली की जागा होतो, काही सेकंद टिपतो, पुन्हा झोपतो. सतत प्रवाह दिला तर महिने टिकायची बॅटरी काही तासांत संपेल, म्हणून बहुतेक कंपन्या त्यात आरटीएसपी ठेवतच नाहीत. तो सूचना द्यायला राहू दे. फाटकावर सतत चित्र हवंच असेल तर तिथे पीओई कॅमेरा लाव. एकाच कॅट५ई केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही १०० मीटरपर्यंत जातात, आणि वर लिहिलेली वायफायची, वायरची निम्मी दुखणी जागीच संपतात. घेताना तपशिलात ‘आरटीएसपी’ आणि ‘ऑनव्हिफ प्रोफाइल एस’ हे शब्द छापलेले बघ. ‘लोकल स्टोरेज’ एवढ्यावर भुलू नकोस, त्याचा अर्थ नुसती मेमरी कार्डाची खाच असाही होतो.

तिसऱ्या कॅमेऱ्याचे पोर्ट तपासून झाले की कोणते उघडे निघाले ते कळव. पुढचं त्यावर ठरवू.

तुझा,
मोहन