फोनवर सांगता आलं नाही म्हणून

टोरोंटो, ऑक्टोबर २०२४

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

दसऱ्याला आईने फोनवर विचारलं, "मग पुढच्या वर्षी कायमची येतेस ना?" आणि मी "बघू" म्हणाले. ते खरं नव्हतं. आदल्याच दिवशी मी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली होती. सणाच्या दिवशी सांगवेना. फोनवर आईचा आवाज ऐकला की माझा घसा दाटतो, म्हणून हे पत्र. बाबा, मध्येच चष्मा काढून ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा.

त्याच रात्री आम्ही चौघी मैत्रिणी 'द वाइल्ड रोबॉट' बघायला गेलो. ॲनिमेशनचा आहे, पण आई, मुलांचा सिनेमा म्हणून सोडून देऊ नकोस. बाबा विचारतीलच, तर पीटर ब्राउन यांच्या २०१६ सालच्या पुस्तकावर ख्रिस सँडर्स यांनी केलाय. झाडं, गवत, पाणी, सगळं ब्रशने रंगवल्यासारखं. माणूस नसलेल्या बेटावर रॉझ नावाची एक यंत्रमानव येऊन पडते. तिच्या हातून चुकून हंसाचं घरटं चिरडतं, एकच अंडं वाचतं, आणि त्यातलं पिल्लू तिलाच आई समजतं. बाबा, प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या लोरेन्झला आई समजून त्याच्या मागे रांगेने चालणारी पिल्लं तुम्ही फळ्यावर काढायचात ना, तसंच. चकचकीत रॉझ त्याच्यामागे पळून पळून खरचटत जाते. आई, मला तुझ्या मनगटावरचा तव्याचा डाग आठवला.

एक लेकुरवाळी ओपॉसम, म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा एक प्राणी, तिला सांगते की थंडीच्या आत याला खाता, पोहता आणि उडता आलं पाहिजे. पोहण्याचं आलं आणि मी थेट आजोळच्या विहिरीत. पाठीला सुका भोपळा, कमरेला दोर, बाबा पाण्यात, आणि आई काठावरून ओरडतेय, "अहो, पोर घाबरलीय, काढा वर!" एक दिवस दोर सोडलेला होता. मला ते पायरीला हात लागल्यावर कळलं.

मग थवा निघायचा दिवस येतो. पिल्लाचे पंख लहान. दोघांचं भांडण झालेलं, धड निरोपही होत नाही. तरी रॉझ खालून त्याच्याबरोबर धावत सुटते, पार कड्यापर्यंत. तिथे जमीन संपते आणि ते पुढे जातं. मला मुंबई विमानतळाची काच दिसली. आई, आत गेल्यावर मी मागे वळले नाही ते तुला लागलं होतं, मावशी बोलली मला. वळले असते तर परत बाहेर आले असते गं. एवढंच होतं ते.

दिवे लागले तरी आम्ही उठलो नाही. बाहेर येताच ब्राझीलच्या मैत्रिणीने घरी फोन लावला. आपल्याकडे सकाळचे साडेसहा, आई चहा टाकत असणार, तरी मी लावला नाही. आदल्या दिवशीची सही आठवत होती.

दोन वर्षं का, तेही सांगते. कर्जाचे हप्ते मे २०२६ पर्यंत आहेत आणि बाबांच्या पेन्शनला मला हात लावायचा नाही. काम आत्ता कुठे हाताला लागलंय. दादा पुण्यात आहे, दोन-अडीच तासांत पोचतो. हे मी स्वतःला रोज सांगते. तुम्ही नको म्हणाला असतात तर मी थांबले असते, म्हणूनच आधी विचारलं नाही. त्याबद्दल रागवा, पण माझ्याशी बोलून रागवा.

माझी काळजी नको. खोली इतकी उबदार असते की घरात स्वेटर लागत नाही. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी आता टम्म फुगते. मेतकूट अर्धी बरणी उरलंय, पुरवून खातेय.

आता माझं ऐका. आई, फराळाची पातेली काढायला स्टुलावर चढायचं नाही, दादा येईल तेव्हा काढेल. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. चकल्या यंदा विकत आण. बाबा, बीपीची गोळी रोज ठरल्या वेळी, आणि लोणच्याचा खार बंद. इको करून घ्या आणि रिपोर्ट मला पाठवा. दादा मला सगळं "ठीक आहे" करून सांगतो.

रोज सकाळी बसस्टॉपवर उभी असले की कॅनडा गूज या रानहंसांचे थवे ओरडत डोक्यावरून दक्षिणेला जातात. मी मान वर करून बघत राहते. जानेवारीत तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. बाबा, हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस तेव्हा उजनीवर असतील. भिगवणच्या होडीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. या वेळी आईही येणार, पहाटेच्या थंडीचं कारण चालणार नाही. आणि दुर्बिणीची काच मऊ फडक्याने पुसा, बनियनने नको.

तुमची,
चिमी