शेपटीची चांदणी

वसई, 8 डिसेंबर

प्रिय बाय,

तुझा निरोप काल दोनदा ऐकला. मैत्रीण म्हणते येशूच्या जन्मी दिसलेला बेथलेहेमचा तारा ही शुद्ध थाप, तारांगणात सांगितलं की ती गुरू-शनीची युती, म्हणजे दोन ग्रह आकाशात जवळ दिसणं, आणि तू मला पेचात पकडलंस: "बाबा, तुम्ही जन्मभर विज्ञान शिकवलंत आणि नाताळला चर्चमध्ये तोच उतारा वाचता. खरं काय धरता?" फोनवर सांगायला घेतलं असतं तर तुझ्या आईने मध्येच डब्याचं काढलं असतं. म्हणून लिहितोय.

आधी मजकूर बघ. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकट्या मत्तयात तारा आहे, तोही दुसऱ्या अध्यायातल्या मोजक्या ओळींत. लूककडे मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, तारा नाही. तारा पाहून बाळ येशूला शोधत आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी, तीन होते असंही मत्तय म्हणत नाही. तीन होत्या त्या भेटी: सोनं, ऊद आणि गंधरस. आणि शेपटी? आपण दरवर्षी नाताळच्या चांदणीला खळीने जिलेटिनची लांबलचक शेपटी चिकटवतो, ती मत्तयाची नव्हे. 1301 साली हॅलेचा धूमकेतू दिसला आणि त्यानंतर चारेक वर्षांत चित्रकार जोत्तोने इटलीत पादुआच्या चॅपेलमध्ये गोठ्यावर चक्क शेपटीवाला तारा रंगवला. आपल्या चांदणीचं बरंचसं घराणं तिकडचं.

मला त्या उताऱ्यात खटकतं ते यहूदियाचा, म्हणजे यरुशलेमच्या मुलखाचा, राजा हेरोद याचं वागणं. तो मागींना गुपचूप बोलावून तारा कधी दिसला ते नीट विचारून घेतो. म्हणजे राजाला पत्ताच नव्हता. रात्रभर डोक्यावर दिवटीसारखं काही जळत असतं तर यरुशलेमचं शेंबडं पोरही सांगत सुटलं असतं. तेव्हा ते जे काही होतं, ते दिसायला साधं असावं. अर्थ लावणारे तेवढे दचकले.

आता साल. इ.स. 525 मध्ये डायोनिसियस एक्झिगुअस नावाच्या साधूने येशूच्या जन्मापासूनची कालगणना मांडली, आणि ती थोडी चुकली. हेरोद इ.स.पू. 4 मध्ये वारला असं बहुतेक इतिहासकार धरतात. त्याने दोन वर्षांपर्यंतचे मुलगे मारायला सांगितले, तेही मागींकडून कळलेल्या वेळेच्या हिशोबाने. म्हणजे तारा आणखी मागे जातो, साधारण इ.स.पू. 7 ते 5.

इथे खगोलशास्त्रज्ञ केपलर येतो. 1603 च्या डिसेंबरात गुरू-शनीची युती झाली, पुढच्या ऑक्टोबरात त्याच भागात नवा तारा पेटला. आज आपण त्याला सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेला तारा, म्हणतो. केपलरने मागे गणित केलं तर इ.स.पू. 7 मध्ये गुरू आणि शनी मीन राशीत एकदा नव्हे, तीनदा जवळ आलेले: मे अखेरीस, सप्टेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला. लोक म्हणतात केपलरने युतीलाच तारा ठरवलं. तसं नाही. त्याच्या मते युतीच्या पाठोपाठ नवा तारा आला असणार, जसा त्याने स्वतः पाहिला होता.

तीनदा का, ते तुला विरारच्या गाडीत सांगितलं होतं. आपली फास्ट शेजारच्या स्लोला मागे टाकते तेव्हा स्लो उलटी सरकल्यासारखी वाटते. पृथ्वी गुरू-शनीला अशीच ओलांडते. पंचांगवाले त्याला ग्रह वक्री झाला म्हणतात, वळताना थबकला की स्तंभी. मत्तयातला 'थांबलेला' तारा वाचला की मला हा शब्द आठवतो. शिवाय त्या डिसेंबरात सूर्य मावळल्यावर ही जोडी यरुशलेमहून दक्षिणेला दिसत असणार, आणि बेथलेहेम तिथून आठ-नऊ किलोमीटरवर, दक्षिणेलाच.

इतकं छान जुळतं म्हणूनच मी जरा बिचकतो.

21 डिसेंबर 2020 आठवतं? आपण गच्चीवर दुर्बीण घेऊन गेलो होतो. आजीने चष्मा काढला आणि म्हणाली, "एकच तर आहे." तू चष्मा घालायला लावलास तेव्हा तिला दोन दिसले. त्या संध्याकाळी दोघांत चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढंच अंतर होतं. इ.स.पू. 7 मध्ये ते याच्या दहापट होतं, जवळपास दोन पूर्ण चंद्र मावतील एवढं. त्याला आजीनेही एक तारा म्हटलं नसतं, आणि मत्तयाचा शब्द एकवचनी आहे. बाबिलोनच्या ज्योतिष्यांनी त्या वर्षाचं पंचांग मातीच्या पाट्यांवर लिहिलं होतं, ते सापडलंय. गुरू कुठल्या राशीत, शनी कुठल्या राशीत, सगळं आहे. युतीचा मात्र खास उल्लेखही नाही. ज्यांनी उंटावर सामान लादायला हवं, त्यांनीच दखल घेतलेली दिसत नाही.

दुसरा उमेदवार शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू. इ.स.पू. 5 च्या वसंतात चिनी नोंदींत मकर राशीच्या बाजूला 70 दिवसांहून जास्त दिसलेला 'झाडू तारा' आहे. इ.स.पू. 12 मध्ये हॅलेचा धूमकेतू रोम शहरावर कित्येक दिवस लटकला होता असं इतिहासकार डिओ लिहितो. म्हणजे तारा एखाद्या गावावर 'थांबला' अशी भाषा त्या काळी चालत होती. हा मुद्दा वजनदार आहे. पण शेंडेनक्षत्र दिसलं की राजा मरतो, ही भीती रोमलाही होती आणि आपल्याकडेही. बारशाला असला पाहुणा कोण बोलावतं? आणि तो हेरोदाच्या नजरेतून कसा सुटला?

तिसरं मत मला सगळ्यात आवडतं. मागी म्हणतात आम्ही त्याचा तारा 'पूर्वेस' पाहिला. तिथला ग्रीक शब्द 'अनातोले', म्हणजे उगवणं. शाळेतले संस्कृतचे सर पंचांग उघडून "गुरूचा अस्त आहे, मुहूर्त नाहीत" म्हणायचे, आठवतं का? सूर्याच्या उजेडात महिनाभर बुडालेला गुरू एका पहाटे पूर्वेला पुन्हा दिसतो, तो उदय. खगोलशास्त्रज्ञ मायकेल मोल्नार यांनी असं मांडलं की इ.स.पू. 6 मध्ये मेष राशीत गुरूचा असा उदय झाला आणि चंद्राने त्याला झाकलंही. मेष ही त्यांच्या मते त्या काळच्या ज्योतिषात यहूदियाची रास. झाकणं उजेडात डोळ्यांना दिसलंच नसतं, गणितानेच कळलं असतं. हेरोद आणि दरबार बेखबर का, याचं उत्तर इथेच मिळतं.

तरी एक ओळ कुठल्याच ग्रहात, धूमकेतूत बसत नाही: तारा पुढे चालला आणि बाळ होतं त्या जागेवर येऊन थांबला. आकाशातली वस्तू एखाद्या घराचं दार दाखवत नाही. आपल्या गच्चीवरून गुरू जसा आपल्या घरावर, तसाच सगळ्या आळीवर. ती ओळ मी खगोलशास्त्र म्हणून वाचत नाही. जुन्या करारात गणना पुस्तकात याकोबातून तारा निघेल असं बलाम नावाचा भविष्यवादी म्हणतो, आणि मत्तयाच्या वाचकांना ते पाठ होतं. ऐकणाऱ्याला खूण पटावी म्हणून त्याने ती ओळ लिहिली असेल, असं मी धरतो. फादरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि चहा घ्या म्हणाले.

तर मैत्रिणीला सांग, थाप म्हणायची घाई करू नकोस. आणि तारांगणवाल्यांना विचार, एवढं अंतर असताना एकच तारा कसा.

कामट्या सोलून ठेवल्यात, जिलेटिन लाल आणि पिवळं आणलंय. शेपटी लावायची का, ते तू 22 ला आलीस की ठरवू. आई म्हणते लावायचीच, मत्तयाला काय विचारायचंय.

तुझा,
बाबा