सहावीचा इतिहास तुझ्या गळ्यात पडला म्हणे

कळंब, जि. धाराशिव

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोन मधेच कट झाला. रेंज गेली का तूच वैतागलास, देव जाणे. कळलं ते एवढंच की तुमच्या शाळेतल्या बाईंची बदली झाली, आणि सहावीचा इतिहास तुझ्या गळ्यात पडला. 'गणिताचा माणूस मी, सनावळ्या घेऊन काय करू? आणि पोरांच्या लक्षात तर काहीच राहत नाही,' असं काहीतरी चालू होतं तुझं. ही बोलणी फोनवर होत नसतात. म्हणून बसून लिहितो. ऑनलाइन माहिती भरायचं काम नसेल त्या दिवशी सावकाश वाच. असा दिवस उगवला तर.

आधी हे सांगतो की तू उगाच घाबरायलास. सहावीला प्राचीन इतिहास शिकवायला गणितवाला सगळ्यात बरा. ह्या लेकरांचं पहिल्यांदा घोडं अडतं ते आकड्यांपाशी. फळ्यावर 'इ.स.पू. २६००' आणि 'इ.स.पू. १९००' लिही आणि विचार, आधीचं कुठलं? निम्मा वर्ग १९०० म्हणणार. आकडा लहान ना! आणि त्यांच्या लेखी शिवाजी महाराज, अजिंठा, हडप्पा सगळं 'लई आधी', एकाच काळातलं.

तर पाच मीटर सुतळी घे आणि वऱ्हांड्यात दोन खांबांना ताणून बांध. एक मीटरला हजार वर्षं, म्हणजे एका सेंटिमीटरला दहा. एक टोक म्हणजे आज. तिथून दोन मीटर आणि वर दोन-अडीच सेंटिमीटर मागं गेलास की गाठ मार, तिथून इसवी सन सुरू. आता कागदाचे तुकडे अडकवायला लाव. शिवरायांचा जन्म १६३० चा, तो आजपासून चाळीस सेंटिमीटरच्याही आत येतो. राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या काळातलं वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, ते सव्वा मीटरच्या आसपास. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी गाठीच्या पलीकडं. हडप्पाच्या नगरांची भरभराट सुरू झाली ती खूण तर पार साडेचार मीटरच्या पुढं. शेवटी ज्यानंत्यानं आपलं वय लावायचं. अकरा वर्षांचं लेकरू म्हणजे एक सेंटिमीटर आणि वर एक मिलिमीटर. आमच्याकडची एक पोरगी स्केचपेननं तेवढीच खूण करून ती बोटानं झाकून बघत होती. झाकली की दिसेना. 'सर, मी एवढीच?' म्हणाली, आणि लगेच आजीची खूण करायला पळाली.

इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मधे शून्य वर्ष नाही, हे तू सांगशीलच. पण सांगण्याआधी विचार, इ.स.पू. १० ते इ.स. १० किती वर्षं झाली? वीसवाले आणि एकोणीसवाले असं भांडण लागू दे. पूर्णांक संख्या सहावीच्या गणितात आहेतच. तुझी संख्यारेषा सुतळीशेजारी टांग आणि फरक त्यांनाच हुडकू दे. हडप्पाच्या विटाही तुझ्याच कामाच्या. लांबी, रुंदी, जाडी ४:२:१ ह्या प्रमाणात. गावातल्या भट्टीवरची वीट आणायला सांग आणि पट्टी हातात दे, एक तास आरामात निघतो.

आता खरं सांगायचंय ते. पोरांना इतिहासात एकच प्रश्न विचारायची खोड लागली पाहिजे: कशावरून? पुस्तकात 'गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला' असं एक वाक्य असतं. पोरं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. त्याऐवजी मी आधी नाण्याचं चित्र दाखवतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० च्या वर. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा सातकर्णीचा छाप वरून मारलेला. खालून नहपानाचा चेहरा अर्धवट डोकावतोय, त्यावर डोंगराची खूण ठोकलेली. कोण जिंकलं, कोण हरलं, काही सांगायचं नाही. नुसतं विचारायचं, असं का केलं असेल कुणी? पाच मिनिटांत वर्ग लढाईपर्यंत पोचतो. एक जण तर म्हणाला, 'नोटबंदीच की सर! फकस्त नोटा त्याच ठिवल्या.' मग दुसऱ्यानं विचारलं, 'मंग सगळ्याच नाण्यांवर छाप का न्हाई मारला?' ह्याचं उत्तर त्यांच्या पुस्तकात नाही. फळ्याच्या कोपऱ्यात तो प्रश्न लिहून ठेवलाय, पुसू देत नाही.

आणि आपल्या मुलखात असल्यावर प्राचीन इतिहास लांबचा वाटायचं कारणच काय? पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे अत्तरवाल्याच्या घराण्यातल्या माणसाच्या दानाचा लेख आहे. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनची माणसं आहेत, भोगवर्धन म्हणजे जालन्याचं भोकरदन. मला मात्र सगळ्यात कामाला येतं ते आमच्या जिल्ह्यातलं तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली, तेच 'पेरिप्लस'. त्यात म्हटलंय की गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर. तिथून कापड आणि मलमल, पैठणहून अकीकाच्या जातीचे खडे, असा माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा.

मी नकाशा आणि पट्टी दिली. पैठण ते तेर सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर भरलं. दहा दिवस, म्हणजे दिवसाला पंधरा. खरं वाटतंय का, विचारलं. मागच्या बाकावर एक पोरगा बसतो, आईबाप ऊसतोडीचे, बैलगाडीवरचे. तो एरवी तोंड उघडत नाही. तो म्हणाला, 'सर, भरली गाडी असली की बैल पाच कोसाच्या वर जात न्हाईत. आज्जा सांगतो.' पाच कोस म्हणजे सोळा किलोमीटर धर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला ह्या पोराच्या आज्ज्यानं साक्ष दिली की नाही? तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, 'पण सर, तेर पूर्वेला कुठंय? खालीच जास्त दिसायलंय.' खरंच आहे, नकाशावर ते पूर्वेपेक्षा दक्षिणेलाच जास्त येतं. मला वाटतं तो व्यापारी इथवर आला नसावा, भडोचच्या बंदरात ऐकलेलं लिहिलं असावं. पण लेकरांना हे कळलं ते महत्त्वाचं: एकाच माणसाचं एक म्हणणं बरोबर असू शकतं आणि दुसरं चुकीचं.

तेरला जमेल तेव्हा एसटीनं घेऊन जातो. पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड ह्या लेकरांना नवं नाही, पावसानंतर तिथं खापरं आणि मणी वर येतात हेही ठाऊक असतं. तिथलेच व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे, त्यांनी असल्या वस्तू जमवून ठेवल्या, त्यांचंच पुढं सरकारी संग्रहालय झालं. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी जरा थांब. तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईला निघाली. पॉम्पेई इ.स. ७९ ला ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. मग ती मूर्ती तिथं कधी पोचली असेल? हे पोरांनाच काढू दे. त्रिविक्रमाच्या देवळाकडंही ने. विटांचं काम, मागची बाजू अर्धगोल; मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तिथंही कशावरून विचार.

आता तुझं ते लक्षात न राहण्याचं. तुमच्याकडंही तेच असेल: फळ्यावरून उतरवलेल्या नोट्स, गाईडमधली उत्तरं, आणि रंगीत पेननं अख्ख्या पानाला मारलेल्या रेघा. सगळंच अधोरेखित, म्हणजे काहीच नाही. पोरगं धडा चारदा वाचतं, ओळखीचा झाला की त्याला वाटतं आला. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं, हे त्याला कुणी सांगतच नाही.

माझा शिरस्ता साधा आहे. तास संपायला पाच-सात मिनिटं राहिली की पुस्तकं मिटायची. वहीच्या मागच्या बाजूला जे आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. बघायचं नाही, विचारायचं नाही. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेननं भरायचं. लाल किती झालं त्यावर मार्क नाहीत, हे ठणकावून सांग, नाहीतर पोरं लपूनछपून बघतात. सुरुवातीला काही जण दोन ओळींवर अडतील आणि 'आठवत नाही सर' म्हणून पेन्सिल चावत बसतील. बसू दे. आठवायला जी ओढाताण होते ना, तिनंच पक्कं होतं. दुसऱ्या दिवशी नवा धडा उघडण्याआधी मागच्या आठवड्यातले एक-दोन प्रश्न, परिपाठाला एखादा महिन्यापूर्वीचा, आणि आनंददायी शनिवारी पोरांनीच एकमेकांना विचारायचे. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला होता. आधी धडाधड घसरतो, मग सावकाश. तुला बघायला आवडेल. घसरायच्या आत पुन्हा आठवायला लावायचं, एवढंच आपलं काम. घोकंपट्टीला माझा विरोध नाही बरं का, पाढे आणि कविता घोकूनच येतात. पण सातवाहन घोकून येत नाहीत.

हे आपल्याकडं जास्तच लागतं, कारण दिवाळी आली की वर्ग अर्धा रिकामा. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं निघतात, लेकरंही सोबत. काहींना हंगामी वसतिगृहात ठेवून घेता येतं, सगळ्यांना नाही. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा मौर्य, सातवाहन सगळं मागं पडलेलं. त्यांच्यासाठी मी छोटी वही करतो, त्यात नुसते प्रश्न, उत्तरं नाहीत. आठवड्यातून एकदा बापाच्या मोबाइलवर एक प्रश्न बोलून पाठवतो. रात्री उसाच्या फडावरून आल्यावर कोपीतून, म्हणजे झोपडीतून, पोरगं उत्तर बोलून पाठवतं. मागं आईचा आवाज असतो, 'नीट सांग, सर ऐकायलेत.' सगळी पाठवत नाहीत. मोबाइलमध्ये रिचार्ज नसतो, कधी पोरगंच मोळ्या बांधायला गेलेलं असतं. कारखान्याच्या हंगामापुढं माझ्या वहीची ताकद किती, ते मला ठाऊक आहे. पण पुस्तक मिटून आठवायची सवय आधीच लागलेली असली की त्याला पुस्तक, दिवा, टेबल काही लागत नाही. म्हणून दिवाळीच्या आत मी धडे कमी उरकले तरी चालवून घेतो, सवय मात्र लावतोच. केंद्रप्रमुखांना हे पटेलच असं नाही. तू आपलं मासिक नियोजनाचं रजिस्टर नीटनेटकं ठेव म्हणजे झालं.

आणि हो, प्रोजेक्टच्या नावाखाली झेरॉक्सच्या दुकानातली चित्रं चिकटवून आणायला लावू नकोस. दुकानदाराचं भलं होतं, बाकी काही नाही.

पूर्णांकांवर तू गेल्या वर्षी जी सरावपत्रकं केली होतीस ती पाठव, मला सुतळीबरोबर वापरायचीत. दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना घेऊन इकडं ये, तेरला जाऊ. सोमवारी संग्रहालय बंद असतं का ते मी आधी विचारून ठेवतो, नाहीतर तुझी बोलणी मलाच खावी लागतील. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
नारायण