माळावर झाडं लावायच्या आधी एकदा नान्नजला जाऊन या

संपादक महोदय,
नमस्कार.

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन महिने एकच विषय चाललाय, येत्या पावसाळ्यात हजार झाडं लावायची. जागा पण जवळपास ठरलीय, गावाबाहेरचा एक माळ, "नुसता पडूनच आहे की तो" असं सगळ्यांचं म्हणणं. मी पण हात वर केला होता, पाचशे रुपये वर्गणीही दिली, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला टेकतो, झाड म्हटलं की नाही कोण म्हणणार? पण संक्रांतीनंतरच्या रविवारी भाच्यासोबत नान्नजला जाऊन आले आणि तेव्हापासून ती वर्गणी परत मागावी की काय असं झालंय.

चाळीस वर्षं सोलापुरात काढली, गड्ड्याची जत्रा एकदाही चुकवली नाही, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर तर किती वेळा झालं मोजलंच नाही, आणि बार्शी रोडला वीस-एक किलोमीटरवरचं हे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य मात्र कधी बघितलं नव्हतं. एसटीतून जाताना पाटी दिसायची तेवढीच. भाच्याला पक्ष्यांचा नाद, तो म्हणाला मावशी उजाडायच्या आत निघायचं, म्हणून पाच वाजता स्वेटर, मफलर, थर्मासमध्ये चहा असं सगळं घेऊन निघालो.

पोचलो आणि पहिल्यांदा मनात काय आलं सांगू, इथं तर काहीच नाही. लांबपर्यंत नुसतं पिवळं गवत, मध्येच एखादी बोर, एखादं हिवर, बाकी सपाट. मग ऊन वर यायला लागलं तसं एकेक दिसायला लागलं. आधी काळवीट, नर अगदी काळा कुळकुळीत आणि शिंगं पीळ दिलेली, माद्या सगळ्या तांबूस. एकीनं उगाचच उडी मारली आणि पाठोपाठ सगळा कळपच उड्या मारत सुटला, टीव्हीवर बघणं वेगळं आणि हे वेगळं. भाचा म्हणाला, ह्यांचा सगळा भरवसा नजरेवर आणि पायांवर, लांडगा लांबूनच दिसला पाहिजे आणि पळायला मोकळं रान पाहिजे, दाट झाडीत हे करणार काय.

मग त्यानं डोंबारी चंडोल दाखवला. चिमणीएवढा पक्षी, सरळ वर चढतो आणि पंख मिटून दगडासारखा खाली येतो, आता आपटला म्हणेपर्यंत परत वर. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं डोंबाऱ्याचा खेळ नक्की बघितला असणार. धाविक बघितले, नावाप्रमाणे तुरुतुरु धावतात, थांबतात, परत धावतात, आणि थांबले की मातीत असे मिसळतात की दुर्बिणीतून पण सापडेनात. पखुर्डीची जोडी उडाली तेव्हा भाच्यानं सांगितलं की नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो, मला आधी थापच वाटली, पण खरं आहे म्हणे. गवताच्या अगदी टोकावरून तरंगत जाणारे भोवत्ये पण दिसले, हे शिकारी पक्षी हिवाळ्यात पार मध्य आशियातून येतात आणि रात्री झाडावर नाही तर खाली गवतातच झोपतात. दिवसभर टोळ-नाकतोडे खातात, म्हणजे शेतकऱ्याचं काम फुकटात. आणि ह्यातल्या बहुतेकांची अंडी जमिनीवर, उघड्यावर. आपण तिथं झाडं लावली की कावळ्या-घारींना बसायला आयती जागा, वरून बघायचं आणि खालची अंडी-पिल्लं उचलायची.

घरी आल्यावर प्रत्येकानं एकच विचारलं, माळढोक दिसला का? नाही दिसला. दिसेल अशी आशा पण फारशी नव्हती. १९७० च्या दशकात सोलापूरचेच शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर हे पक्षी असल्याचं जगापुढं आणलं, १९७९ ला अभयारण्य झालं. आता इथं कधीतरी एखादी मादी दिसल्याची बातमी येते, तीच मोठी. सगळ्या जगात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत असं सांगतात, तेही बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं. मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी, आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते ते पण उघड्या जमिनीवर. त्यात डोळे दोन बाजूंना असल्यामुळं उडताना समोरची विजेची तार दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं वजन ऐन वेळी वळवणार कसं.

एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे, माळढोक म्हटलं की आपल्या जिल्ह्यात कपाळाला आठ्या पडायच्या, आणि त्याला कारण होतं. सुरुवातीला अभयारण्य तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं, त्यात लोकांची शेतं, गावं, रस्ते, सगळंच आलं. जमिनीचा व्यवहार करायचा तर भानगड, काही बांधायचं तर भानगड. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर लोकांच्या मनात तो पक्षी म्हणजे कटकट हेच बसलं. आमच्याच नात्यातल्या एकांच्या जमिनीचं असं अडकलं होतं, ते अजून माळढोकाचं नाव काढलं की उठून जातात. त्यांना मी काय सांगणार.

हे नातेवाईक मार्डीजवळचे. परतताना त्यांच्याकडं हुरडा खाल्ला, गूळ, शेंगाचटणी, दही, आणि वर कणीस भाजणाऱ्याचं बोलणं. त्यांची तक्रार हरणांची, ज्वारीत घुसतात, शेंडे खातात, रात्र-रात्र राखण करावी लागते. खोटी नाही ती. नान्नजची द्राक्षं तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत, सोनाका आणि शरद सीडलेस ह्या जाती इथल्याच काळे यांच्या बागेतनं आल्या. पाणी आलं, बागा आल्या, कुंपणं आली, माळ तेवढा आक्रसला, आणि हरणं जातील कुठं.

त्याआधी अभयारण्यातच, निरीक्षण मनोऱ्याच्या जवळ, एक म्हातारे मेंढपाळ भेटले होते. मी विचारलं, आजोबा, माळढोक बघितलाय का? म्हणाले, "हूम म्हणायचो आमी त्याला, पावसाळ्यात घुमायचा, हूऽऽम हूऽऽम, लई लांबनं ऐकू यायचं. आता गप हाय माळ." लांडग्याचं विचारलं तर हसले. "नेतो की एखादं करडू. त्याला बी प्वाट हाय." मग ग्लिरिसिडियाच्या रांगांकडं काठी दाखवून म्हणाले, "ह्येच्या बुडाला गवत येत न्हाई बगा. मेंढरानी खायचं काय?" कधीकाळी माळ हिरवा करायचा म्हणून कुणीतरी लावलेली ती झाडं. मी बाकीच्या गवताकडं बघितलं, पवन्या, कुसळी, मारवेल, आणि खरंच त्या रांगांखाली नुसती उघडी माती होती. तिथंच मला आमचा ग्रुप आठवला.

सरकारी नकाशात अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात आणि आपण पण तेच म्हणतो. पण आपल्याकडं पाऊसच वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि माळाची माती बोटभर, खाली मुरूम, तिथं गवतच शोभतं. उन्हाळ्यात मेलेलं दिसतं पण मुळं खाली जिवंत असतात, पहिल्या पावसात आठवड्यात हिरवं होतं. कुसळीचं बी तर बघण्यासारखं, ओल लागली की त्याचं पिळलेलं कुसळ आपोआप फिरत उलगडतं आणि बी मातीत घुसतं. माझ्या सलवारीत पण घुसलं, दोन धुण्यांनंतर अजून निघतायत. अशा जागी जेसीबीनं खड्डे मारून, टँकरनं पाणी घालून आपण हजार झाडं जगवणार, आणि फोटो काढून झाल्यावर ती बघायला कोण जाणार ते विचारूच नका.

नान्नजला जरूर जा, पण उजेडाच्या आधी जा, ठरलेली वाट सोडू नका, भडक कपडे आणि स्पीकर घरी ठेवा. आम्ही होतो तेव्हा एका गाडीनं चक्क गवतात गाडी घातली, काळविटाच्या मागं, सेल्फीसाठी. पावसाळ्यात अंडी-पिल्लांचे दिवस असतात तेव्हा गेलं नाही तरी चालेल. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी, शिरसुफळकडं गवताळ माळाची सफारी सुरू झालीय, गावातलीच पोरं वाट दाखवतात आणि चार पैसे त्यांच्या हातात पडतात. आपल्याकडं नान्नज, मार्डी, वडाळ्याच्या पोरांना असं काही मिळालं तर हरणांवरचा राग थोडा तरी कमी होईल असं मला वाटतं.

झाडांना माझा विरोध नाही हो. कॉलनीतल्या रस्त्याला सावली नाही, शाळेच्या मैदानाला नाही, बसस्टॉपवर तर डोकं तापतं, तिथं कडुनिंब लावा, चिंच लावा, मी स्वतः पाणी घालते. हेच ग्रुपवर लिहिलं तर तीन जणांनी अंगठा दिला आणि एकानं विचारलं, काकू तुम्ही पर्यावरणाच्या विरोधात कधीपासून.

तर तुम्हाला एवढीच विनंती, जून-जुलैत वृक्षारोपणाच्या बातम्या तुमच्याकडं ढिगानं येतील, तेव्हा किती झाडं लावली ह्याच्यासोबत ती जागा आधी काय होती एवढं एक वाक्य तरी छापा.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर