वेटसूट घ्यावा खालच्या पाण्याच्या हिशेबाने

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तारकर्ली-मालवणला स्कूबा शिकून आलेली सोलापूरची बरीच मुलं आता सुट्टीत बाली, केपटाऊन गाठतात, नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असलेली तिथे डायव्हिंग करतात. फार आनंदाची गोष्ट आहे. काळजी एवढीच वाटते, की बॅगेत असतो तो ३ मि.मी. जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा, ऊब धरणारा रबरी सूट), कारण मालवणच्या कोमट पाण्यात तो पुरला होता. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. गारठ्याने बोटं बधिर झाली की बकल सुटत नाही, श्वास जलद होऊन हवा लवकर संपते आणि विचारही मंदावतो.

बाली म्हटलं की उबदार समुद्र आठवतो. पण नुसा पेनिडाजवळ जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे मोला मोला (सनफिश) हे प्रचंड मासे दिसण्याच्या हंगामात, खोलातलं गार पाणी वर येतं आणि तापमान २० अंशांच्याही खाली जाऊ शकतं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला तर १० ते १५ अंश धरूनच चालावं. म्हणून डायव्ह सेंटरला विचारायचं ते असं : या महिन्यात, आम्ही उतरणार त्या खोलीवर पाणी किती अंश असतं? पृष्ठभागाचा आकडा इथे कामाचा नाही.

ढोबळ हिशेब असा : २४ अंशांच्या वर ३ मि.मी., २० ते २४ ला ५, त्याखाली ७ मि.मी. आणि सोबत हूड, हातमोजे, बूट. १५ च्या खाली आतून हूडवाली बंडीही हवी. १० च्या खाली वेटसूटचा नाद सोडून ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा सूट) घ्यावा, आणि त्याचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं. उदाहरणार्थ, आइसलँडमधल्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेत पाणी २ ते ४ अंशांचं असतं. ज्याला लवकर थंडी वाजते किंवा दिवसात तीन डायव्ह करायच्या आहेत, त्याने एक पायरी जाड घ्यावं.

मात्र नुसत्या मिलिमीटरवर भिस्त ठेवू नये. वेटसूट ज्या रबराचा असतो त्या निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात आणि ऊब तेच धरतात. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्मे होतात. ३० मीटरवर पाव. म्हणजे जिथे पाणी सर्वांत गार, तिथेच सूट सर्वांत पातळ. सर्फिंगचे सूट मऊ, लवचीक म्हणून आवडतात, पण ते याच कारणाने खोलात जास्त दबतात. डायव्हिंगसाठी ते घेऊ नयेत.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मापं. सोलापुरात घालून बघायला दुकान नाही, त्यामुळे उंची-वजनाचा तक्ता पाहून ऑनलाइन मागवला जातो. आल्यावर लेबल न काढता पहाटेच्या गारव्यात, पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून चढवावा. मग कमरेची मागची खोलगट जागा, काख, जांघ आणि गुडघ्याची लवण चाचपून बघावी. तिथे पोकळी राहिली तर प्रत्येक हालचालीला आतलं कोमट पाणी बाहेर जातं आणि गार आत येतं. असा ७ मि.मी.चा सूट नीट बसणाऱ्या ५ मि.मी.पुढे हरतो. छाती भरून श्वास घेता आला पाहिजे. गळा आवळत असेल तर परत पाठवावा, मानेच्या धमनीवर दाब येऊन भोवळ येऊ शकते. शिवणही पाहावी : सुई आरपार गेलेल्या फ्लॅटलॉक शिवणीतून पाणी झिरपतं, चिकटवून अर्ध्या जाडीतच टाचलेली शिवण थंडीसाठी बरी.

जाड सूट तरंगवतो, म्हणून बुडण्यासाठी अंगावर घ्यायची शिशाची वजनं वाढतात. ती पुरेशी आहेत का, ते असं तपासावं : टाकी ५० बारवर, म्हणजे संपत आलेली असताना, सगळा सरंजाम अंगावर घेऊन, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामं ठेवून, नेहमीचा श्वास धरल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं. भरलेल्या टाकीने तपासलं तर साधारण २ किलो वाढवावेत. ही चाचणी तलावाच्या गोड्या पाण्यात केली असेल तर समुद्रात आणखी २-३ किलो लागतात. वर येताना सूट पुन्हा फुगतो, त्यामुळे बीसीडीतली हवा वेळेवर सोडायला विसरू नये.

आणि कृपा करून सूट गच्चीवर वाळत घालू नका. आपलं एप्रिलचं ऊन निओप्रीन कडक करून टाकतं. साध्या पाण्यात धुऊन, उलटा करून, सावलीत रुंद हँगरवर. घडी घालून माळ्यावर टाकला तर घडीवर बुडबुडे कायमचे चेपतात.

शेवटी एक विनंती प्रशासनाला. उजनीत बोट उलटली की शोधासाठी माणसं तासन्‌तास पाण्यात असतात. अंगाच्या तापमानापेक्षा बरंच गार असलेलं पाणी इतक्या वेळात हुडहुडी भरवतं, मग ते २४ अंशांचं का असेना. त्यांच्यासाठी सूट घेताना प्रत्येकाची मापं घेऊन ५ मि.मी.चे, गुडघ्यावर जाड पॅड असलेले घ्यावेत. हूड आणि हातमोजे त्याच खरेदीत धरावेत, कारण गढूळ पाण्यात जाळी आणि फांद्या हातानेच चाचपाव्या लागतात.

आपले,
काही स्कूबा डायव्हर, सोलापूर