कळांच्या वेळी तिच्या आईला आत घ्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : सोलापुरातल्या सरकारी प्रसूती कक्षांत बाळंतिणीच्या सोबतिणीला प्रवेश मिळणेबाबत

महोदय,

मी निवृत्त परिचारिका. नोकरीतला बराच काळ लेबर रूममध्ये गेला. नवी इमारत किंवा नवं यंत्र मागायला हे पत्र लिहीत नाही. बाईची आई, सासू, बहीण, जी कोणी तिला हवी असेल, ती एक बाई आत येऊ द्या. केंद्र सरकारने ही मुभा 2016 मध्येच दिली, आणि सरकारी प्रसूती कक्ष सुधारण्यासाठीच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ती आहे. तरीही बऱ्याच ठिकाणी आई बाहेर पायरीवर थर्मास घेऊन बसलेली असते आणि दारावर वॉचमन.

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्या कितीतरी जणी कानडी. ऐन कळेत माणूस आपल्याच भाषेत ओरडतं. तिचं बोलणं सिस्टरला समजत नाही, सिस्टरचं ‘जोर कर’ तिला समजत नाही, मग दोन्हीकडून आवाज चढतो. (कधी हातही उगारला जातो. हे तुमच्या अधिकाऱ्यांना नवीन नाही.) शेजारी तिची मावशी उभी असली, तर निम्मं काम तिथंच होतं.

भीतीने ॲड्रिनॅलिन वाढतं आणि कळा आणणारं ऑक्सिटोसिन मागे पडतं. कळा मंदावल्या की तेच ऑक्सिटोसिन आम्ही सलाइनमधून चढवतो. त्याने कळा फार जोराच्या झाल्या तर बाळाचे ठोके उतरू लागतात, आणि सिझरच्या कागदावर सही घ्यायला नवऱ्याची शोधाशोध सुरू होते. प्रत्येक वेळी असं होत नाही. पण होतं, आणि पुष्कळदा टाळता येण्यासारखं असतं. सतत सोबत मिळालेल्या बायकांबद्दलच्या 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2017 मध्ये काढला. त्यांत 15 हजारांहून जास्त बायका होत्या. सोबत असलेल्यांची बाळंतपणं आपोआप होण्याचं प्रमाण जास्त निघालं, सिझर कमी, कळांचा वेळही थोडा कमी. इतका गुण देऊन काहीच अपाय न करणारं औषध आमच्या कपाटात नव्हतं.

सोबतीण आत आली की बाकीचंही सुधारतं. ती बाईला हाताला धरून फिरवते, पाठ चोळते, घोटभर पेज पाजते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये हेच सांगितलं : कळांत चालू द्या, उभं राहू द्या, खाऊ-पिऊ द्या, सरसकट योनिमार्गाला काप घेऊ नका, वरून पोट दाबू नका. गर्भपिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडेपर्यंत उगाच घाई करू नका. आणि आपण मात्र आल्या आल्या तिला उताणी झोपवतो, कारण तपासणाऱ्याला ते सोयीचं पडतं.

बीपी वाढलेलं, वार गर्भपिशवीच्या तोंडाशी आलेली, बाळ आडवं, अशा बाईला डॉक्टर आणि थिएटर लागणारच. त्याबद्दल वाद नाही.

‘गर्दी होते, जंतुसंसर्ग होतो’ हे उत्तर मला पाठ आहे. एका बाईमागे एकच बाई, अंगात गाऊन, दोन खाटांमध्ये पडदा. त्या पडद्याला कितीसा खर्च येतो? तसंच, 2018 च्या केंद्रीय धोरणाप्रमाणे अठरा महिन्यांचं मिडवायफरीचं (बाळंतपण करण्याचं) प्रशिक्षण घेतलेल्या किती परिचारिका सोलापूर जिल्ह्यात नेमल्या, तेही जाहीर करा.

एक अडचण मात्र तुमच्याच पातळीवर सुटेल. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं तुमच्या खात्याकडे, सिव्हिल हॉस्पिटल वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, शहरातली प्रसूतिगृहं महापालिकेकडे. एकाने आदेश काढला की दुसरा म्हणतो, आम्हाला लागू नाही. म्हणून तिघांच्या सह्यांचा एकच आदेश काढा. प्रवेश नाकारला तर तक्रार कोणाकडे करायची, त्या अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबर मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दूत लेबर रूमच्या दारावरच लावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर